सॉस लागत नाही

गॅलरीचं दार लागत नव्हतं. ढकललं की चौकटीला जाऊन टेकायचं, कडीही बसायची, आणि पाठ वळवून स्वयंपाकघरापर्यंत गेलं की मागे पुन्हा वीतभर उघडं.

*

प्रमाण वजनांच्या सरकारी पेटीत, मखमलीच्या खळग्यात, एका पितळी वजनावर लाल डाग सापडला. डाग कशाचा, ते लेखी कळवावं, असा मेमो निघाला.

*

सोसायटीच्या फलकावर सूचना: दुपारच्या चहाच्या वेळेस कोणीही घरात काहीही करपवू नये. हुकमावरून.

*

ताईचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा ती आधी रडली आणि मग म्हणाली, साखर वाढव.

*

एक म्हातारा गृहस्थ फाटकापाशी उभा राहून वरच्या मजल्याकडे बघून हात करतो. वर कोणी नसतं. म्हातारा समाधानाने जिना चढू लागतो.

*

"लागत नाही," बाबा म्हणाले आणि ताटली सरकवली.

*

या सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे आणि तो टोमॅटोतून जातो, असं काटेसाहेबांना आधी कोणी सांगितलं असतं तर त्यांनी ते लेखी मागितलं असतं. काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजन-मापे कार्यालयात निरीक्षक होते, दुकानदारांचे काटे तपासायचे आणि चालायचेही काट्यासारखे: मान बरोबर मधोमध, दोन्ही हात समतोल. सगळं गाव त्यांना साहेब म्हणे. बायको नुसतं 'अहो' म्हणे, आणि त्या 'अहो'त साहेब कुठेही बसत नसे.

काटेसाहेबांची आई गेली तेव्हा फ्रिजमध्ये तिच्या हातच्या टोमॅटो सॉसच्या बाटल्यांची एक रांग होती. बाबांनी ती पुरवून पुरवून खाल्ली. पावाला सॉस, उकडलेल्या बटाट्याला सॉस, अंड्याला सॉस. शेवटच्या बाटलीत पाणी घालून त्यांनी ती हलवली आणि ते लालसर पाणीही पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं जेवण सुटलं. रुसून नव्हे. रुसायला शब्द लागतात, आणि बाबांची सगळी नोकरी तारखात्यात गेलेली. एका शब्दात भागत असताना दोन वापरणं ही त्यांना उधळपट्टी वाटे. आईला बघून आल्यावर त्यांनी घरी तार केली होती, तिचा मजकूर 'हो' इतकाच होता, आणि तो वाचून घरचे दोन दिवस भांडत होते की हा 'हो' कशाला.

डॉक्टरांनी बाबांना वजनकाट्यावर उभं केलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि काटेसाहेबांना बाजूला घेतलं. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात एकदा नळी गेली की ती सहसा परत निघत नाही, असं ते म्हणाले. दवाखान्यातला काटा खोटा आहे असं म्हणायचीही सोय नव्हती. त्यावरचा शिक्का काटेसाहेबांचाच होता.

"सॉस काय, करू की," काटेसाहेब घरी येऊन म्हणाले. "टोमॅटो, कांदा, मीठ, साखर. मोजून घ्यायचं, मोजून घालायचं."

"आईंनी कधी मोजलं होतं?" बायकोने विचारलं.

ही त्यांची दुखरी नस होती. वजन-मापे निरीक्षकाच्या घरात त्याची सख्खी आई आयुष्यभर अंदाजाने स्वयंपाक करत आली होती. एकदा त्यांनी मीठ किती घालतेस म्हणून विचारलं होतं. आई म्हणाली, चवीपुरतं. कोणाच्या चवीपुरतं, असं विचारल्यावर तिने उत्तराऐवजी लसूण सोलायला दिला होता.

पहिला सॉस रविवारी झाला. दिसायला सॉसच होता: लाल, दाट, चमच्यावरून सावकाश उतरणारा. बाबांनी पावाचा तुकडा त्यात बुडवला, तोंडात ठेवला आणि बराच वेळ गॅलरीच्या दाराकडे पाहिलं.

"लागत नाही."

आता या दोन शब्दांनी पुढे जे केलं ते शत्रूही करत नाही.

चव लागत नाही, असा काटेसाहेबांनी अर्थ लावला आणि मीठ वाढवलं. बायको म्हणाली, बरं लागत नाही असं म्हणतायत, लसूण घाला. बायकोचं माहेर डोंगराकडचं. तिकडच्या लोकांची अशी श्रद्धा आहे की ज्याने डोळ्यांतून पाणी येत नाही तो सॉस नव्हे, ते रंगवलेलं पाणी. आईंच्या सॉसला लसणाचा असा काही ठसका होता, असं ती शपथेवर सांगत होती. काटेसाहेबांना ठसका आठवत नव्हता, पण वीस-पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाला काय आठवू नये हेही कळत असतं.

ताईचं म्हणणं, गोड लागत नाही असं बाबा सुचवतायत. ताई नदीपलीकडे दिलेली. पलीकडची माणसं मिठातही चिमूटभर साखर टाकतील. तिची जीभ केव्हाच सासरची झाली होती, आठवण तेवढी माहेरची राहिली होती, आणि दोघींनी मिळून आईचा सॉस मधासारखा करून ठेवला होता. काटेसाहेबांनी साखर वाढवली. त्या सॉसला मुंग्या लागल्या. बाबांना तो लागला नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी बंदराकडचे. ते आले होते दुसऱ्याच तक्रारीसाठी, ती पुढे सांगतो, पण वाटी दिसल्यावर खुर्ची ओढून बसले. सॉस कसा धावला पाहिजे, म्हणाले. बाटली तिरकी केली की तो ताटात आपल्याआधी पोचला पाहिजे, आणि आंबट असा की कानामागे शिवशिवलं पाहिजे. "तुमच्या मातोश्री मला नेहमी वाटी पाठवायच्या. काय आंबट! तसा परत होणे नाही," असं म्हणून त्यांनी डोळे टिपले आणि वाटी चाटून ठेवली.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्यांनी निदान केलं की भूक लागत नाही, आणि एक कडू टॉनिक दिलं. सॉसचा विषय निघाल्यावर मात्र त्याही सरसावल्या. आईंचा सॉस तिखट नाही, गोड नाही, आंबट नाही, अगदी पथ्याचा, निर्मळ होता. बिया काढलेला. इतका फिका सॉस जगात दुसऱ्या कोणाला जमणार नाही, हे त्या इतक्या भक्तिभावाने म्हणाल्या की काटेसाहेबांना क्षणभर नर्सबाईंबद्दल वाईट वाटलं.

म्हणजे बघा. बाई एक, पातेलं एक, आणि सॉस चार. काटेसाहेबांच्या शिस्तीच्या मेंदूला यातून दोनच निष्कर्ष दिसत होते. एक तर चौघंही खोटं बोलत होती, नाहीतर आई प्रत्येकाला वेगळा माल देत होती. दुसरा विचार त्यांना जास्त झोंबला. त्यांनी चारही सॉस केले, चार वाट्यांत काढले, बाबांसमोर ओळीने मांडले. बाबांनी चारही वाट्यांना बोट लावून पाहिलं आणि चार वेळा तेच सांगितलं. चार तारा, मजकूर एकच.

*

घरच्या काट्यावर विश्वास उरला नाही म्हणून काटेसाहेबांनी ऑफिसातली प्रमाण वजनांची पेटी घरी आणली. नियमाप्रमाणे ही पेटी ऑफिसबाहेर फक्त तपासणीसाठी जाते, पण ही तपासणीच आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मिठाला पितळी वजन लावताना त्यावर सॉसचा थेंब उडाला, वाळला आणि पेटीबरोबर परत गेला. दुसऱ्या दिवशी साहेब तीच पेटी घेऊन बाजारात तपासणीला निघाले, आणि त्या दिवशी बाजारातला एकही काटा खरा निघेना. किराणावाला हलका, कसाई हलका, आणि जन्मात पासंग न केलेली भाजीवालीही हलकी. तिने आपला काटा जप्त होताना शांतपणे पाहिला आणि मग त्यांच्या पिशवीतले टोमॅटो एकेक करून परत काढून घेतले.

"माझा काटा चालत नाही ना साहेब? मग माझे टोमॅटोपण नका चालवू."

मेमोचं उत्तर त्यांनी खरं दिलं, सॉसच्या कृतीसकट: डाग टोमॅटोचा आहे. वरिष्ठांनी बोलावून घेतलं, पेटीच्या पावित्र्यावर बराच वेळ बोलले, बाजारातले सगळे काटे माफी मागून परत करायला लावले, आणि काटेसाहेब दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाले की सॉसमध्ये कांदा घालणारा माणूस मुळातच भरवशाचा नसतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या खोलीतून ते मान वाकडी करून प्रथमच बाहेर पडले.

*

आता ती सेक्रेटरींची तक्रार.

शेवटची बाटली विसळली गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरात वास येऊ लागला होता. दुपारी, चहाच्या वेळेला. टोमॅटो तळाशी धरायला लागल्यावर येतो तसा: आधी गोडसर, मग काळपट. गॅस बंद असायचा. ओटा पुसलेला, पातेलं पालथं. थोडा वेळ तो वास घरभर फिरायचा, जिन्यात उतरायचा, आणि मग कोणीतरी फुंकर मारावी तसा जायचा.

आधी शेजाऱ्यांवर संशय घेऊन झाला. शेजाऱ्यांनी तो व्याजासकट परत केला. मग बायकोने घरातली झाडून सगळी भांडी नर्सबाईंकडे नेऊन ठेवली. बघू आता कशात करपतंय ते, म्हणाली. दोघं रिकाम्या ओट्यासमोर स्टुलं टाकून बसली, परीक्षेच्या हॉलवर देखरेखीला बसतात तशी. वास आला. रिकाम्या ओट्यावरून, अगदी मधल्या बर्नरच्या उंचीवरून आला. काटेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं नाही, बायकोने त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि त्या दिवशी रात्रीचं जेवण दोघांनी नर्सबाईंच्या घरीच, आपल्याच भांड्यांत केलं.

सेक्रेटरी जिन्यात आवाज खाली आणून म्हणाले, "राग मानू नका साहेब, पण घराला काहीतरी लागलंय."

काटेसाहेबांना राग आला तो घराबद्दल नव्हे, क्रियापदाबद्दल. त्या एका क्रियापदाने त्यांचा आधीच पुष्कळ छळ केला होता.

त्यांनी गॅस कंपनीकडे तक्रार नोंदवली. माणूस आला तो नेमका चहाच्या वेळेला. त्याने पिशवीतून एक यंत्र काढलं, नळीवरून, शेगडीवरून, खिडकीच्या फटीतून फिरवलं. यंत्र गप्प. एवढ्यात वास आला. गॅसवाल्याने नाक वर केलं.

"कोणाचं तरी खाली लागलंय," तो म्हणाला.

त्याने बर्नरला हात लावून पाहिला. गार होता. पलीकडच्या खोलीत डोकावून पाहिलं. मग पातेल्याखाली वाकून पाहिलं, जे पालथं होतं. त्याच्या कागदावर तीनच पर्याय होते: गळती आहे, गळती नाही, घर बंद होते. गळती नाही असं लिहिलं तर मग वास कशाचा हे खाली लिहावं लागत होतं. त्याने तिसऱ्यावर खूण केली आणि यंत्राची पिशवी उघडीच घेऊन जिना उतरला.

म्हणजे कंपनीच्या दृष्टीने त्या दुपारी त्या घरात कोणीही नव्हतं. काटेसाहेबांनी जाऊन हरकत घेतली, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी आपण घरात होतो याचा पुरावा आणायला सांगितला. बायको साक्षीला चालेल का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, त्याही त्याच बंद घरात होत्या ना?

हे उत्तर त्यांच्या डोक्यातून जाईना. आरशात दाढी करताना ते मधेच थांबून स्वतःच्या गालाला हात लावून पाहू लागले.

*

दार. सुताराला बोलवावं, असं रोज ठरायचं.

*

चहाच्या वेळेचं आणखी एक होतं. बाबा नोकरीत असताना त्याच वेळेला घरी यायचे, आणि निवृत्तीनंतरही त्यांनी ते सोडलं नव्हतं. दुपारी इस्त्रीचा शर्ट घालायचा, खाली उतरायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि 'घरी यायचं'. आई गेल्यावरही चुकलं नाही. जेवण गेलं, पण शर्ट राहिला, फक्त कॉलरमध्ये आता दोन बोटं जायची. नर्सबाईंनीच सांगितलं की फाटकापाशी आले की ते वर बघून हात करतात. नर्सबाई घाबरणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण हे सांगताना त्यांनी आपल्याच दाराची कडी एकदा चाचपून पाहिली.

काटेसाहेबांना वाटलं, म्हातारा माणूस, वर कोणीतरी असायला हवं. म्हणून एका दुपारी ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. बाबा फाटकाशी आले, वर पाहिलं, आणि मुलाला हातानेच खूण केली. काय झालं ते कळायला काटेसाहेबांना वेळ लागला. 'जरा सरक,' अशी ती खूण होती.

ते सरकले. सरकताना तळहात कठड्यावर टेकला. गॅलरीवर दुपारनंतर ऊन नसतं, लोखंडी कठडा गार होता. फक्त मधला हातभर भाग कोमट होता, कोणीतरी कोपरं टेकून आत्ताच उठून गेल्यासारखा. त्यांनी बायकोला हे सांगितलं नाही. बायकोने टॉवेल वाळत घालायची जागा त्या आठवड्यापासून बदलली होती, पण तिनेही का ते सांगितलं नाही.

*

त्या आठवड्यात डॉक्टरांनी दवाखान्यात खाट सांगून ठेवली. सोमवारी आणा, म्हणाले. बाबा ऐकत होते. त्यांनी मान हलवली. त्यात शब्द लागत नाहीत.

शनिवारी काटेसाहेबांनी शेवटचा सॉस चढवला. टोमॅटो लांबच्या बाजारातून आणावे लागले, भाजीवाली अजून बोलत नव्हती. काटा काढलाच नाही. मीठ मुठीने टाकलं, साखर बोटांनी, लसूण दोन पाकळ्या बायकोच्या माहेरासाठी, व्हिनेगरचे थेंब सेक्रेटरींसाठी. कोणाचंच मन मोडायला नको. बायको शाळेत शिकवायची, ती अजून आली नव्हती. सॉस रटरटायला लागला, ते पळीने ढवळत राहिले, आणि चहाची वेळ झाली.

वास आला. आधी गोडसर, मग काळपट.

एव्हाना ते या वासाला सरावले होते. पूर्वी घड्याळाकडे बघायचे, आता वासावरून ओळखायचे की बाबा फाटकाशी आले असतील. पळी ठेवून ते गॅलरीत गेले. दार उघडंच होतं. ते नेहमीच्या जागेपासून न सांगता सरकून उभे राहिले. खाली बाबा कोपऱ्यावरून येत होते, आणि शाळेतून परतणाऱ्या बायकोने त्यांना फाटकाशी गाठलं. बाबांनी वर पाहिलं. हात केला. काटेसाहेबांनीही केला. बाबांचा हात खाली येईना, म्हणून त्यांनीही आपला खाली घेतला नाही. किती वेळ ते कोणी मोजलं नाही. वजन-मापे निरीक्षकाने तर नाहीच.

आत आले तेव्हा स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. या वेळचा वास त्यांच्या स्वतःच्या पातेल्यातला होता. सॉस तळाशी धरला होता.

बायको दारातूनच ओरडली, "खरवडू नका! वरचं वरचं काढा!" आणि पिशवीसकट आत आली. वरचा सॉस वाटीत काढला. त्यालाही तो काळपट वास लागलेलाच होता. काटेसाहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. सोमवार दिसत होता. एवढी वजनं, एवढी मापं, आणि शेवटी करपवून ठेवलं. माणसाने कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये याचंही प्रमाण असायला हवं होतं.

बाबा बसले. पावाचा तुकडा बुडवला, तोंडात ठेवला, गॅलरीच्या दाराकडे पाहिलं.

"लागलाय," ते म्हणाले.

दोघंही माफी मागायला तोंड उघडत होती. बाबांनी दुसरा तुकडा मोडला होता. मग तिसरा. वाटी पुसून काढली आणि पुढे केली.

"आज लागलाय. तिचा दर वेळी लागायचा." आणि मग, खात्यातून निवृत्त झाल्यापासूनची सर्वांत लांब तार त्यांनी दिली: "मी यायच्या वेळेला ती गॅलरीत यायची. मी दिसेपर्यंत थांबायची. तेवढ्यात खाली लागायचा. ती म्हणायची, आजपण लागला बघा. मी म्हणायचो, असू दे."

काटेसाहेबांना सगळे सॉस आठवले. मीठ, लसूण, साखर, टॉनिक. जप्त केलेले काटे. एक क्रियापद, आणि सगळ्यांनी त्याला आपापली जीभ जोडली होती.

"मग बाबा, आधीच का नाही सांगितलं?"

"सांगत होतो की."

बायकोला हसू आलं, ते तिने पदराने टिपलं. आणखी पाव कापला. बाबांनी तोही घेतला. मग जरा मागे टेकून, तृप्त माणूस सहज बोलतो तसं म्हणाले, "आज बरं वाटलं. दोघं उभे होतात."

काटेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं.

"बाबा, मी तर खाली होते," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर. फाटकाशी."

"तुझं कोण म्हणतंय," बाबा म्हणाले, आणि वाटी पुन्हा पुढे केली.

सोमवारी डॉक्टरांच्या काट्यावर बाबा किंचित भरले. खाट दुसऱ्या कोणाला दिली गेली. आता दर शनिवारी काटेसाहेब सॉस चढवतात, वेळेवर गॅलरीत जातात, सरकून उभे राहतात आणि तो लागू देतात. सेक्रेटरींनी सूचना काढून घेतली. वाटी त्यांनाही जाते, आणि ते अजून म्हणतात, आंबट, अगदी मातोश्रींसारखा. नर्सबाई म्हणतात, फिका. ताईला बाटली पाठवली, तिचा फोन पहिल्या झटक्यात लागला आणि ती म्हणाली, बघ, साखरेचं मी सांगितलंच होतं.

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी सुतार येऊन गॅलरीचं दार तासून गेला होता, आणि तेव्हा ते अगदी व्यवस्थित लागत होतं.